जैतखामाच्या बाजूने पाहताना

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की लवकरच सिलतरा येतं. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, कोळशाचे ट्रक आणि काळी धूळ. दोरीवरच्या कपड्यांवर, छपरांवर, तळ्याच्या पाण्यावर ती सारखीच बसते. त्या धुळीत राहायचं कुणी आणि संध्याकाळी रायपूरला परतायचं कुणी, हे मात्र बहुधा जन्मावरून ठरतं. भट्टीपाशी ठेकेदाराच्या हजेरीपटावरची माणसं उभी असतात. ऑफिसातली आडनावं वेगळी असतात. त्यांत आपली मराठी आडनावंही आहेत.

या मुलखाशी आपलं नातं जुनं आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या भास्करपंतांनी रतनपूर घेतलं, पुढे बिंबाजी भोसले आले, त्यांच्यामागून सुभेदार. छत्तीसगड नागपूरकरांना वसुलीचा मुलूख होता. परंपरेप्रमाणे 1756 मध्ये जन्मलेल्या गुरू घासीदासांचं बरंचसं आयुष्य याच अमलाखाली गेलं. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई त्या माणसांना त्यांनी सांगितलं: मूर्ती नको, पुरोहित नको, सगळी माणसं सारखी. त्यांच्या अनुयायांच्या, सतनामींच्या, वस्तीत दिसणारा पांढरा खांब, जैतखाम, ही त्या शिकवणीची खूण.

सलोख्याची गोष्ट निघाली की इथे पंडित सुंदरलाल शर्मांचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. राजिमच्या या ब्राह्मणाने 1925 मध्ये अस्पृश्यांना सोबत घेऊन तिथल्या मंदिरात प्रवेश केला आणि स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. हे आणखी आधी का नाही, असं विचारण्याचा हक्क मला नाही. महाडच्या तळ्यावर आपल्या लोकांनी 1927 मध्ये काय केलं ते ठाऊक आहे. तरी एक गोष्ट खटकते. दार उघडणारा नेहमी वरचाच असतो. ज्यांनी शंभर वर्षांआधी देवळाची गरजच नाकारली होती, त्यांच्या जैतखामापुढे वाकायला वरचे किती गेले?

मे 2024 मध्ये गिरौदपुरीजवळ अमरगुफेतल्या जैतखामाची नासधूस झाली. 10 जूनला बलौदाबाजारात संतापलेल्या जमावाने जिल्हा कार्यालय पेटवलं. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण रायपूरच्या दिवाणखान्यांतून चर्चा झाली ती जळलेल्या इमारतीची. तुटलेल्या खांबाचं दुःख कुणाच्या गावी नव्हतं. ज्याला तो खांब कधी आपला वाटला नाही, त्याने शांततेचा उपदेश करावा, याला मी सलोखा म्हणत नाही.

सलोखा ही वरच्याने करायची मेहनत आहे, आणि त्यात त्याचं काहीतरी जायला हवं. 18 डिसेंबरला गुरुजयंतीच्या वेळी जैतखामावर नवा पालो, म्हणजे पांढरा ध्वज, चढतो, त्या गर्दीत मागे उभं राहायला काहीच लागत नाही. अवघड पाऊल पुढचं, मजुरीच्या प्रश्नावरचं. कामगार नेते शंकर गुहा नियोगींनी भिलाईच्या पट्ट्यात ठेका मजुरांना कायम करा, जगण्याइतकी मजुरी द्या, एवढंच मागितलं होतं. 28 सप्टेंबर 1991 ला त्यांचा झोपेत खून झाला. मागणी तशीच आहे. सिलतऱ्याच्या एखाद्या कारखान्यात ती पुन्हा बैठकीच्या टेबलावर येईल, तेव्हा खर्चाचा आकडा पाहून मान हलवणाऱ्यांत आपली माणसं असतील की मजुरांच्या बाजूने पहिलं बोलणाऱ्यांत?