नव्या रूपातली जुनी लय

स्क्वेअर कंपनीचा ‘फायनल फँटसी सेव्हन’ हा खेळ जानेवारी १९९७ मध्ये जपानात सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. त्याआधीचे मालिकेतले सहाही मुख्य खेळ निन्टेन्डोच्या यंत्रांवर निघाले होते. निन्टेन्डो पुढच्या यंत्रातही कार्ट्रिजलाच चिकटून राहिल्यावर स्क्वेअरने सीडीची वाट धरली, आणि तरीही खेळाला तीन सीडी लागल्या. याच खेळाचा रिमेक एप्रिल २०२० मध्ये आला तेव्हा त्यात मूळ कथेचा फक्त पहिला टप्पा होता. ‘रीबर्थ’ हा दुसरा भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. योजना तीन भागांची आहे. एका खेळाचे तीन खेळ होण्यामागे धंद्याचा हिशेब आहेच. पण जुना खेळ पुन्हा घडवताना नेमके काय घडवायचे असते, हा प्रश्न त्या हिशेबापेक्षा महत्त्वाचा आहे.

चित्रे हा त्यातला सोपा भाग. १९९७ मध्ये आधीच तयार करून ठेवलेल्या स्थिर चित्रांवर ठोकळ्यांसारख्या हातांची पात्रे फिरत. आवाज नव्हते, संवाद चौकटीत उमटत आणि त्यांना सूर देण्याचे काम खेळणाऱ्याकडे असे. रिमेकने चेहरे दिले, आवाज दिले. आठवणींचा मोह बाजूला ठेवला तर त्या ठोकळ्यांसाठी हळहळण्याचे कारण नाही. बदलतो तो वेळ, म्हणजे कोणती गोष्ट किती काळ चालते आणि कोणत्या गोष्टीनंतर येते याचा हिशेब. अभिजात खेळाचे अभिजातपण बरेचसे तिथेच असते.

मिडगार हे शहर याचे उत्तम उदाहरण. वर पोलादी तबकांवर सुखवस्तू वस्ती, खाली त्यांच्या सावलीत झोपडपट्ट्या, आणि ग्रहाची माको ही जीवनशक्ती उपसून वीज करणारी शिन्रा कंपनी. भाडोत्री लढवय्या क्लाउड एका बंडखोर टोळीसोबत शिन्राची अणुभट्टीसारखी भट्टी उडवतो, तिथून खेळ सुरू होतो. मूळ खेळात हे शहर साधारण सहा-सात तासांत संपे. तोवर खेळणाऱ्याची समजूत झालेली असे की हे शहर म्हणजेच खेळ; मग वेशीबाहेर पाऊल पडताच अख्ख्या जगाचा नकाशा उलगडे. आतली दाटी आणि घाई होती म्हणूनच तो मोकळेपणा जाणवत असे.

रिमेकमध्ये तेच शहर तीस-चाळीस तास पुरते. यात कमाईही आहे. बंडखोर टोळीतल्या जेसी, बिग्ज आणि वेज यांच्या वाट्याला मूळ खेळात मोजके संवाद होते. शिन्रा एक तबक खालच्या वस्तीवर पाडते तेव्हा त्यांचे जाणे चटकन उरकते. रिमेकमध्ये जेसीचे घर दिसते, आई भेटते, आजारी वडिलांची गोष्ट कळते. त्यामुळे तबक पडते ते ओळखीच्या माणसांवर. शिन्राचा गुन्हा पटतो तो या विस्तारामुळेच. उलट, रात्री भट्टी उडवून आलेला क्लाउड पुढे वस्तीत एका लहान मुलीची हरवलेली मांजरे शोधत फिरतो. शहर जिवंत वाटावे म्हणून ही कामे घातली आहेत हे उघड आहे, पण ग्रह मरतो आहे ही तातडी त्यांत विरून जाते.

लढाईचेही तसेच. मूळ खेळात वेळेची पट्टी भरली की आज्ञा द्यायची आणि पुन्हा थांबायचे. त्या थांब्यात डावपेच ठरत. रिमेकमध्ये तलवार सतत चालवावी लागते, वार केल्याने पट्टी लवकर भरते आणि आज्ञा निवडताना काळ मंदावतो. जुन्या पद्धतीची सवय असलेल्यांसाठी ‘क्लासिक’ पर्याय आहे. त्यात साधे वार पात्रे आपणहून करतात. जुन्या आणि नव्या रीतींची ही तडजोड रिमेकच्या सर्वांत यशस्वी गोष्टींपैकी एक आहे.

खरी अडचण क्लाउडची सोबतीण एरिथ हिच्या मृत्यूची. मूळ खेळात पहिल्या सीडीच्या शेवटी खलनायक सेफिरॉथ तिला मारतो. लगेच येणाऱ्या लढाईत नेहमीचे युद्धसंगीत थांबते आणि नोबुओ उएमात्सू यांनी तिच्यासाठी रचलेली धूनच वाजत राहते. तासन्‌तास वाढवलेले पात्र कायमचे हातातून जाते, हा धक्का १९९७ मध्ये बसला. २०२० मध्ये तो बसणे शक्य नव्हते, कारण तो बहुतेकांना आधीच ठाऊक होता. रिमेककर्त्यांनी हे ठाऊक असणेच कथेत आणले. कथा मूळ वाटेवरून ढळली की काळ्या छाया येऊन तिला परत वळवतात, आणि अखेरीस पात्रे त्या छायांशीच लढतात. युक्ती धीट आहे. पण छाया कोणती वाट राखत आहेत हे जुना खेळ ठाऊक नसलेल्याला उमगत नाही, त्यामुळे हा रिमेक मूळ खेळाची जागा घेऊ शकत नाही.

‘ड्रॅगन क्वेस्ट थ्री’ची वाट वेगळी. युजी होरी यांचा हा खेळ फेब्रुवारी १९८८ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आला. कार्ट्रिजमध्ये जागा अवघी २५६ किलोबाइट; ती पुरेना म्हणून सुरुवातीच्या पडद्यावरचे संगीतही गाळावे लागले. नोव्हेंबर २०२४ च्या रिमेकमध्ये पात्रे जुन्या धर्तीची, बिंदूंची, आणि भोवतालचे जग त्रिमितीय उजेडात न्हालेले आहे. नायक अजूनही मुका, सोबती अजूनही खानावळीतून निवडायचे. पुढे कुठे जायचे हे दाखवणारी खूण आली आहे, पण ती बंद करता येते.

एवढी निष्ठा राखूनही एक गोष्ट निसटली. १९८८ मध्ये खेळणारा उत्तरार्धात पाताळात उतरे आणि ते पहिल्या खेळातले आलेफगार्ड निघे. आपला नायकच पहिल्या खेळातल्या दंतकथेतला पूर्वज आहे हे हळूहळू उघड होई. हा उलगडा आधीचे खेळ खेळलेल्यांसाठी होता. रिमेकांचा क्रम मात्र कथेच्या कालक्रमाने लागला: तिसरा आधी, पहिला आणि दुसरा ऑक्टोबर २०२५ मध्ये. इथूनच सुरुवात करणाऱ्याला आलेफगार्ड हे आणखी एक नवे नाव वाटते, आणि आश्चर्याऐवजी त्याच्या हाती पुढच्या खेळांची प्रस्तावना येते.

म्हणून रिमेक निघाला तरी मूळ खेळ विकत मिळत राहणे गरजेचे ठरते. ‘फायनल फँटसी सेव्हन’ची जुनी आवृत्ती आजच्या यंत्रांवर मिळते, पण तीही अगदी जशीच्या तशी नाही: खेळ तिप्पट वेगाने पळवण्याची आणि वाटेत अचानक येणाऱ्या लढाया बंद करण्याची सोय तिच्यात आहे. या सोयी न वापरता खेळायचे की वापरून, हे खेळणाऱ्याने ठरवायचे.