अध्ययनाचा अधिकार

विद्यापीठांच्या अभ्यासक्रम-पत्रिका कोणी आवडीनें वाचीत असेल असें वाटत नाहीं. तरी त्यांतील एक लहानसा रकाना विचारी वाचकानें थोडें थांबून पाहण्यासारखा असतो. अमुक विषय घ्यावयाचा असेल तर तमुक विषय आधीं झालेला असावा, असें तेथें लिहिलेलें असतें. यंत्रशास्त्राआधीं कलन, शस्त्रक्रियेआधीं शारीर, काव्यशास्त्राआधीं व्याकरण. वरवर पाहतां ही सोयीची व्यवस्था दिसते. परंतु एका माणसानें दुसऱ्यास ‘तूं अजून या विद्येस योग्य झाला नाहींस’ असें सांगण्याचा हक्क कोणास व कशामुळें प्राप्त होतो, हा प्रश्न नीतिशास्त्राचाच आहे.

आपल्याकडे हा वाद फार जुना असून त्याचें प्रसिद्ध स्थळ म्हणजे ब्रह्मसूत्रांतील पहिलाच शब्द, ‘अथ’. ‘अथ’ म्हणजे यानंतर, पण कशानंतर? एक पक्ष म्हणे, कर्मकांडाचा विचार पुरा झाल्यानंतर. शंकराचार्यांनीं हें मानलें नाहीं. ज्यानें वेदान्त वाचला आहे त्यास धर्मविचार न करतांही ब्रह्मजिज्ञासा होऊं शकते, असें सांगून त्यांनीं ती अट काढली आणि तिच्या जागीं नित्यानित्यविवेक, वैराग्य, शमदमादि साधनें व मोक्षाची इच्छा या चार गोष्टी ठेवल्या. त्यांची कसोटी आजच्या कोणत्याही अभ्यासमंडळानें उचलावी अशी आहे: जें असतां जिज्ञासा संभवते व जें नसतां संभवत नाहीं, तेवढेंच आधीं असावें. पण त्याच भाष्यांत, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांतील अपशूद्राधिकरणांत, आचार्य शूद्रास वेदाध्ययनाचा अधिकार नाकारतात. इतिहासपुराणांचें दार त्यांनीं उघडें ठेवलें हें खरें. तथापि मघांची कसोटी येथें हातची सुटली आहे, असें मला नम्रपणें वाटतें. वैराग्य प्रयत्नानें मिळतें. जन्म कोणत्या प्रयत्नानें मिळवावा?

हा निव्वळ पोथींतला वाद नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईस शाळेंत शिकत असतां आंबेडकरांस संस्कृत घ्यावयाचें होतें. तें नाकारलें गेल्यामुळें त्यांस फारसी घ्यावी लागली. संस्कृताशीं परिचय त्यांनीं पुढें स्वतःच्या परिश्रमानें करून घेतला, आणि १९४६ सालीं शूद्र मूळचे कोण याविषयीं ग्रंथ लिहिला तेव्हां त्याच वाङ्मयाची उलटतपासणी केली.

यावरून सर्वच अटी मोडून टाकाव्यात असें कोणी म्हणेल, आणि हल्लीं वाराही त्याच दिशेचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मसुद्यांत, बारावीस कोणतेही विषय असोत, प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यास कोणत्याही विषयाची पदवी घेतां यावी, अशी तरतूद होती. हेतु चांगला आहे. पंधरा-सोळाव्या वर्षीं, पुष्कळदां घरच्यांच्या मर्जीनें निवडलेल्या शाखेनें माणसास जन्मभर बांधून ठेवावें, यांत शहाणपण नाहीं. तरी माझें मन पूर्णपणें निःशंक होत नाहीं.

अर्थशास्त्राचें उदाहरण घेऊं. दिल्ली विद्यापीठांत या विषयाच्या ऑनर्स अभ्यासक्रमास बारावीचें गणित लागतें. महाराष्ट्रांतील अनेक कला-महाविद्यालयांत तें लागत नाहीं. आतां सीमान्त खर्च म्हणजे काय? उत्पादन वाढतांना एकूण खर्च ज्या दरानें वाढतो तो दर; गणिताच्या भाषेंत अवकलज. ज्यास अवकलन येतें त्यास ही गोष्ट एका ओळींत कळते, आणि सीमान्त खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्रास त्याच्या तळाशींच कां छेदतो हें तो स्वतः काढूं शकतो. ज्यास येत नाहीं तो बहुधा आकृति पाठ करतो. परीक्षेच्या कागदावर दोन्ही आकृत्या सारख्याच दिसतात. दाराबाहेर ठेवलेला विद्यार्थी निदान तक्रार करतो. आंत घेऊन अंधारांत बसविलेला विद्यार्थी सारा दोष आपल्याच बुद्धीस देतो, आणि त्याच्यावर अन्याय झाला हें त्यालाही ठाऊक नसतें.

मी स्वतः सांख्यिकीच्या वर्गांत असा बसलों आहें. पहिल्याच दिवशीं अध्यापकांनीं ‘हें तुम्हांस माहीतच आहे’ असें म्हणून फळ्यावर एक लांबट चिन्ह काढलें. मला तें माहीत नव्हतें. विचारण्याचा धीरही झाला नाहीं. तें समाकलनाचें चिन्ह होय हें कळावयास दिवाळी उजाडली.

तेव्हां अट घालणाऱ्यावर, आणि अट काढणाऱ्यावरही, एक ऋण येतें असें माझें मत आहे. अट घालणाऱ्यानें ती पुरी करण्याची वाट दाखविली पाहिजे. अट काढणाऱ्यानें तिच्यामागें असलेलें ज्ञान वर्गांतच देण्याची सोय केली पाहिजे. या संबंधांत रामानुजन यांचें नांव नेहमीं घेतलें जातें. गणितावांचून इतर विषयांत नापास झाल्यामुळें त्यांस हिंदुस्थानांत पदवी मिळाली नाहीं; केंब्रिजनें १९१४ सालीं तिचा आग्रह न धरतां त्यांस घेतलें, व १९१६ सालीं संशोधनावरून बी. ए. दिली. ही कथा सांगणारे तिचा उत्तरार्ध मात्र क्वचित् सांगतात. प्रमाणपत्र माफ झालें, पण आधुनिक गणितांतील सिद्धतेची शिस्त माफ झाली नाहीं. ती हार्डी व लिटलवुड यांनीं त्यांस शिकविली. आणि शिकवितांना त्यांचा आत्मविश्वास व स्फूर्ति नाहींशी होऊं नये, याची हार्डींस मोठी चिंता असे. दोन पहिल्या प्रतीच्या गणितज्ञांचा वेळ त्यासाठीं खर्चीं पडला.

आपल्याकडे नड येते ती येथेंच. अट लिहावयास एक ओळ पुरते, खोडावयासही एकच. मधला सेतु बांधावयास मात्र अध्यापक लागतो, आणि त्याचे तास कोणाच्या कार्यभारांत धरावयाचे हा प्रश्न सभेंत निघाला कीं विषय पुढच्या बैठकीवर जातो. आमच्या त्या सांख्यिकीच्या वर्षीं, दुसऱ्या सत्रांत, एका वयस्क शिक्षकांनीं आम्हां सहा जणांस रोज सकाळीं सात वाजतां कलन शिकविलें. त्याबद्दल त्यांस कांहीं मिळालें नाहीं. वेळापत्रकांत तो तास नव्हता. शिपायानें खोली उघडली नाहीं तर ते जिन्याच्या पायरीवर बसूनच शिकवीत.