भिंतीशी बोलणारा देव

दक्षिण मेसोपोटेमियाच्या ज्या मुलखात पाऊस इतका तुटपुंजा की त्याच्या भरवशावर पीक उभे राहात नाही, आणि तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांना पूर येतो तो नेमका जवाच्या सुगीच्या सुमारास, तेथे पाणी हे जितके निसर्गाचे दान तितकेच मानवी बुद्धीचे अर्जित होते. अशा भूमीने आपल्या जलदेवतेलाच प्रज्ञेचे आधिपत्य द्यावे, यात मला त्या संस्कृतीचे मर्म दिसते. सुमेरी लोक त्याला एन्की म्हणत, अक्कदी भाषिक इया. भूमीखालच्या गोड्या पाण्याचा अब्झू हा त्याचा निवास आणि एरिदू हे त्याचे क्षेत्र. फुआद सफर आणि सेटन लॉइड यांनी १९४६ ते १९४९ या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा एकावर एक उभारलेल्या देवळांच्या थरांत नैवेद्याच्या माशांची हाडे सापडली.

एका सुमेरी काव्यात हा देव नद्या भरून कालव्यांवर एन्बिलुलू या देवाची नेमणूक करतो आणि साऱ्या सृष्टीचा बंदोबस्त लावतो. दुसऱ्या कथेत निन्माह देवीने व्यंग ठेवून घडवलेल्या माणसांपैकी आंधळ्याला तो संगीतकला देऊन राजाच्या सेवेत मानाची जागा देतो.

परंतु त्याची खरी कसोटी लागते ती इ. स. पूर्व १७ व्या शतकात अम्मीसदुका राजाच्या कारकिर्दीत नकललेल्या अत्राहासिसच्या आख्यानात. माणसांच्या कोलाहलाने निद्राभंग झालेला देव एन्लिल प्रथम रोगराई, मग अवर्षण, आणि अखेरीस महापूर धाडण्याचा हुकूम काढतो, आणि हा बेत कोणी फोडू नये म्हणून सर्व देवांना शपथेने बांधतो. एन्की माणसाशी बोलत नाही. तो बोरूच्या भिंतीशी बोलतो, आणि भिंतीपलीकडे अत्राहासिस ते ऐकून नाव बांधतो. याला कोणी कपट म्हणेल. मी म्हणत नाही, कारण निरपराधांच्या संहारासाठी लादलेली शपथ विवेकाला बांधू शकत नाही, आणि पूर ओसरल्यावर हाच देव भरसभेत आपले कृत्य उघडपणे कबूल करतो.

पुढे जो तोडगा निघतो तो मात्र कठोर आहे: काही स्त्रियांना वांझपण, काही अर्भकांना मृत्यू, काही पुजारिणींना अपत्यहीन व्रत, जेणेकरून माणसांची संख्या मर्यादेत राहावी. करुणेची ही किंमत त्या अज्ञात कवीने लपवली नाही, म्हणूनच महापुराच्या प्राचीन कथांत मी या आख्यानाला सर्वांत प्रामाणिक मानतो.