धाकटीची शपथ

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं लहानसं गाव आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली याच गावातून जगात गेला. त्या गावात एक आजोबा होते. शनिवारी संध्याकाळी जेवणाचं टेबल आवरलं की ते त्यावर नकाशा पसरत, फासे काढत आणि नातवंडांना हाक मारत. आजोबा डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारे आणि राक्षसांच्या वतीने फासे टाकणारे. थोरला नातू चोर झाला होता, शेजारचा मुलगा जादूगार. धाकटी नात होती पॅलाडिन, शपथेच्या बळावर लढणारी चिलखतधारी वीर.

पॅलाडिन तिसऱ्या लेव्हलला पोचला की त्याला आपली शपथ निवडावी लागते, आणि पुढच्या काही शक्ती त्या शपथेतून मिळतात. धाकटीच्या पुस्तकात तीन शपथा होत्या. ‘डिव्होशन’वाल्याने खरं बोलावं, दुबळ्याला सांभाळावं. ‘एन्शन्ट्स’वाल्याने जगातला आनंद आणि उजेड राखावा. ‘व्हेंजन्स’वाल्याने दुष्टाचा पाठलाग करावा, आणि ज्याच्याशी वैर धरलं त्याला दया दाखवू नये.

धाकटी अडली. थोरल्याने कागद-पेन्सिल ओढली.

“हे बघ, शत्रूला वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर अकरा किंवा जास्त पडायला हवेत असं धर. म्हणजे शंभरातले पन्नास वार लागणार. व्हेंजन्स घेतलीस तर दहा फुटांच्या आतल्या एका शत्रूशी वैर जाहीर करायचं. मग मिनिटभर त्याच्यावर दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. झाले पंचाहत्तर! डिव्होशनमध्ये तलवार मंतरता येते, मग फाशावरच्या आकड्यात तुझ्या करिश्म्याचे तीन मिळवायचे. म्हणजे पासष्ट. आता तूच सांग, जास्त काय?”

एन्शन्ट्सचं नाव कुणी काढलंच नाही. धाकटीने व्हेंजन्स घेतली. आजोबांनी मान डोलावली आणि खेळ पुढे सुरू केला.

पहिल्या लढाईत तिने गॉब्लिनांच्या म्होरक्याशी वैर जाहीर केलं. एक वार केला, तेवढ्यात दोन लांडग्यांनी जादूगाराला घेरलं. ती म्होरक्याला सोडून तिकडे धावली. तिथे फासा एकच. दुसऱ्या लढाईत ज्याच्याशी वैर धरलं त्या दरोडेखोराने शस्त्र टाकून हात जोडले. तिने तलवार खाली घेतली. तिसऱ्या लढाईत चोर बेशुद्ध पडला. ती शत्रूकडे पाठ फिरवून त्याच्यापाशी गेली आणि हातात होते नव्हते ते बरे करण्याचे पंधरा पॉइंट त्याच्यावर रिकामे केले.

“माझं नशीबच फुटकं,” ती वैतागून म्हणाली. “पंचाहत्तर कुठे दिसतच नाहीत.”

आजोबा म्हणाले, “नशिबाला बोल लावू नकोस. दादाचा हिशेब चोख आहे, पण तो एकाच शत्रूपुढे ठाण मांडणाऱ्याचा आहे. तुझं कुणी संकटात दिसलं की तू जागा सोडतेस. वैर मागे राहतं आणि तुझ्या वाट्याला पन्नासच येतात. मंतरलेली तलवार मात्र तुझ्याबरोबर येते. समोर लांडगा असो की दरोडेखोर, पासष्ट कायम.”

थोरल्याला हे पटेना. “पण आजोबा, तलवार मंतरायला एक खेळी वाया जाते!”

“जाते ना. मिनिटात दहा खेळ्या. एक गेली, नऊ उरल्या.”

“म्हणजे पासष्ट हे पंचाहत्तरपेक्षा मोठे?”

“तिच्यासाठी मोठे. तू पॅलाडिन असतास तर मी तुला व्हेंजन्सच घे म्हणालो असतो. तू एकदा मागे लागलास की सोडत नाहीस. शिवाय, शरण आलेल्याला तिने सोडलं, तिथे तिची शपथ मोडलीच होती. रोज मोडावी लागेल अशी शपथ घ्यायची कशाला?”

टेबलावर शेवटचा शब्द डंजन मास्टरचा. आजोबांनी तिला शपथ बदलू दिली. पुढच्या शनिवारी धाकटीने आधी तलवार मंतरली आणि मग मन म्हणेल तिकडे धावली. दोन वार हुकले, तीन लागले. शेवटच्या शत्रूने गुडघे टेकले, तेव्हा तिने त्याला सोडलं, आणि या वेळी शपथेलाही धक्का लागला नाही.

तात्पर्य : सर्वांत फायद्याची वाट कोणती, हे चालणारा कोण यावर ठरतं. निवड करताना आकडे जरूर मांडावेत, पण त्याआधी आपण कसे वागतो ते पाहावं.