गौचर

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करून आपण दिवाळीची पहिली पणती लावतो. नेपाळातही या सणात गाईचा एक दिवस असतो. तिच्या गळ्यात त्या दिवशी झेंडूची माळ पडते. पण त्याच नेपाळच्या राजधानीत आंतरराष्ट्रीय विमानतळ ज्या जागी उभा आहे, तिचे जुने नाव ठाऊक आहे? गौचर. गौचर म्हणजे आपले गायरान!

१९४९ साली त्या गवतावर पहिले विमान उतरले. १९५५ मध्ये राजे महेंद्र यांनी विमानतळाचे रीतसर उद्घाटन केले आणि आपले दिवंगत वडील त्रिभुवन यांचे नाव त्याला दिले. पुढे गवतावर काँक्रीट पडले. गाईंचे रान राजाच्या नावावर गेले.

मी उजनीच्या काठचा, करमाळ्याकडचा. त्यामुळे ही हकीकत मला परक्या मुलखातली वाटत नाही. भीमेवरचे आमचे धरण १९८० साली पुरे झाले. सुमारे ११७ अब्ज घनफुटांच्या त्या जलाशयाखाली घरे गेली, मळे गेले, देवळे गेली आणि गायरानेही गेली. त्या पाण्याचे सरकारी नाव यशवंतसागर.

म्हणून जगाने गायरानेच राखत बसावे, असे मी म्हणत नाही. पूर्वी काठमांडूत मोटार न्यायची तर हमाल तिला खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडीत. २०१५ च्या भूकंपात जगाची मदत उतरली ती त्याच एका धावपट्टीवर. उजनीनेही सोलापूरची तहान भागवली, कोरड्या शिवारात ऊस उभा केला. हित खरे आहे. प्रश्न एवढाच की, हित खरे असले म्हणजे देणाऱ्याचे ऋण फिटले का?

मला तसे वाटत नाही. ‘त्याग’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. ज्याला विचारले, आणि नाही म्हणता येत असूनही जो हो म्हणाला, त्याने त्याग केला. ज्याला विचारलेच नाही त्याच्याकडून नुसते घेतले गेले. आणि गायरानाच्या बाबतीत विचारणार तरी कोणाला? सातबाऱ्यावर गाईचे नाव नसते, गुराख्याचेही नसते. जे साऱ्या गावाचे, ते कागदावर सरकारचे. म्हणूनच मोठ्या कामाचे पहिले पाऊल बहुधा तिथेच पडते.

पाऊल म्हटले की बळीराजा आठवतो. वामनाने तीन पावले जमीन घेतली खरी, पण आधी मागितली. शुक्राचार्यांनी सावध केले असतानाही बळीने ती जाणूनबुजून दिली. तो पाताळात गेला. परंतु पाडव्याची तिथी बळीच्याच नावाने राहिली, वामनाच्या नव्हे. आपल्या पूर्वजांनी घेणाऱ्याचा नव्हे, देणाऱ्याचा सण केला!

आपण मात्र देणाऱ्याला विसरतो, आणि मग त्याची अडचणही दिसेनाशी होते. धरणाने तोडलेल्या वाटा काठची माणसे होडीने जोडीत आली. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळात होडी उलटली आणि सहा जीव गेले. ज्या पाण्यासाठी गावांनी जमीन दिली, त्यावर निर्धास्त जाण्याची सोय हा काही उपकार नव्हे. ते देणेच होते.

पुरंदर तालुक्यातील सात गावांत नव्या विमानतळासाठी भूसंपादनाची पावले २०२५ साली पडू लागली. तिथे आपण वामनाइतके तरी सौजन्य दाखवणार का? आधी मागणार का, आणि नकार ऐकण्याची तयारी ठेवणार का?

सरकारी नाव काहीही असो, लोक मात्र त्या पाण्याला उजनीच म्हणतात. माढा तालुक्यातल्या एका गावाचे ते नाव. हे मला फार मोलाचे वाटते. पाडव्याला मुलांना बळीची गोष्ट सांगाल, तेव्हा आपल्या नळाचे पाणी कोणाच्या शिवारावरून येते, आपले विमान कोणाच्या रानातून उडते, हेही गावांची नावे घेऊन सांगा.