उघडी गोल खिडकी

दोर धरा.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यांच्या मधोमध स्कापा फ्लो. चहूकडे बेटांचा आडोसा, म्हणून इथे समुद्र सहसा फार उसळत नाही. पाणी मात्र जूनमध्येही जेमतेम १०-१२ अंशांचं.

गारठा आधी ओठांना लागतो. मग गालांना. बाकी अंग ड्रायसूटमध्ये कोरडं आहे. गारठ्याशी झगडू नका. लागू द्या.

आता दोराबरोबर खाली उतरा. सावकाश.

श्वास घ्या. सोडा.

पाण्याखालचा पहिला नियम हाच: श्वास कधीच रोखायचा नाही.

१० मीटर. तांबडा रंग विझत चालला. २० मीटर. सगळं हिरवं.

ऐका. तुमचाच श्वास. त्यामागून बुडबुडे. लांब कुठेतरी बोटीचं इंजिन चालू आहे, पण कोणत्या दिशेला ते कळत नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने येतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी पोचतो.

दिशा शोधू नका. नुसतं ऐका.

खाली हिरवा काळोख दाटतो. मग त्याला कड येते.

हे ‘क्योल्न’. जर्मन नौदलाची हलकी क्रूझर, दीडशे मीटरहून लांब. उजव्या कुशीवर निजलेली. डेक आता भिंत झाला आहे, आणि डावी बाजू वर, उजेडाकडे आहे.

तिच्या वर तरंगत थांबा. पाय हलवू नका, गाळ उठेल.

श्वास घेतलात की अंग किंचित वर जातं. सोडलात की किंचित खाली. बाकी काही करायचं नाही.

आता समोर बघा. पोलादात एक गोल भोक. जहाजाची खिडकी.

इथेच राहा.

टॉर्च लावा. हरवलेले रंग परत येतात. काठाभोवती समुद्रफुलं आहेत, पांढरी आणि केशरी. बारीक हातांचे तारामासे एकमेकांत गुंतलेले. एक मासा आतून येतो, तुमच्याकडे बघतो, परत आत जातो.

त्याच्यामागे जाऊ नका. आत गाळ आहे, अंधार आहे. खिडकी पुरेशी आहे.

बघत राहा.

२१ जून १९१९. पहिलं महायुद्ध थांबलं आहे, तहावर सह्या व्हायच्या आहेत. ७४ जर्मन जहाजं सात महिन्यांपासून या पाण्यात अडकून पडली आहेत. पहारा देणारा ब्रिटिश ताफा सकाळीच सरावासाठी बाहेर गेला आहे. जर्मन ताफ्याचा अ‍ॅडमिरल फॉन रॉयटर खूण करतो, आणि खलाशी आपल्याच जहाजांच्या तळाचे व्हॉल्व्ह उघडतात. खिडक्याही उघडतात.

शाळकरी मुलांची एक सहल नेमकी त्याच दिवशी बोटीतून हा ताफा बघायला आली आहे. मुलं कठड्याशी उभी आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर जहाजं कलतात.

संध्याकाळपर्यंत ५२ जहाजं तळाशी. गोळ्या लागून नऊ जर्मन खलाशी मेलेले.

त्या नऊ जणांसाठी एक श्वास, सावकाश.

पुढे बहुतेक जहाजं उचलून भंगारात गेली. ‘क्योल्न’ राहिली. तिच्यासह सात मोठी जहाजं अजून इथे आहेत. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, इथून काहीही न्यायचं नाही. ते योग्यच आहे, असं मला मनापासून वाटतं. एक बटणही नको.

पुन्हा खिडकीकडे या.

एका माणसाने हात पुढे केला आणि समुद्राला आत घेतलं. आपलं जहाज, ज्यात तो झोपला, जेवला, घरच्यांना पत्रं लिहीत बसला. त्या हाताला काय वाटलं असेल, ते आपण ठरवू नये. फक्त त्या हाताशेजारी थोडा वेळ थांबावं.

पाणी आत जातं. पाणी बाहेर येतं. समुद्रफुलं आधी एका बाजूला झुकतात, मग दुसऱ्या.

श्वास घ्या. सोडा.

थांबा अजून.

आता टाकीतल्या हवेचा काटा बघा. निघायला हवं. इतक्या खोल पाण्यात नायट्रोजन रक्तात विरघळतो, त्याला बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. म्हणून वर जाताना आपल्या छोट्या बुडबुड्यांच्याही पुढे जाऊ नका.

५ मीटरवर थांबा. दोर हलका धरा. खाली बघायचं असेल तर बघा, जहाज दिसणार नाही. तीन मिनिटं इथेच राहायचं आहे, आणि श्वास चालू ठेवायचा आहे.