‘अचानक’ या शब्दाविषयी

नित्याच्या बोलण्यातले काही शब्द मोठे सोयीचे असतात. ‘अचानक’ हा त्यांतलाच एक. नदीला पूर आला, शेजाऱ्याचा तोल सुटला, एखाद्या शेतकऱ्याने जीव दिला, की आपण म्हणतो, ‘अचानक झाले’. आणि तेवढ्याने चौकशी संपते. हा शब्द घडलेल्या गोष्टीविषयी काही सांगतो, की पाहणाऱ्याविषयी? हा प्रश्न मला पडला तो काही दूरच्या ताऱ्यांमुळे.

सूर्याहून अधिक वस्तुमान अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात दाबून बसवावे, तसा न्यूट्रॉन तारा असतो. कधी कधी त्याच्या जोडीला एक साधा तारा असतो. या जोडीदाराचा वायू त्याच्याकडे ओढला जातो. परंतु तो सरळ येऊन पडत नाही. चकतीसारखा भोवती फिरत राहतो, साचत राहतो. चकती थंड असते तोवर आतल्या बाजूला फारच थोडे सरकते. साचता साचता ती इतकी तापते, की हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटू लागतात, वायूचे अंतर्गत घर्षण वाढते, आणि महिनोन्महिने जमलेला साठा ताऱ्यावर कोसळू लागतो. मग काही आठवडे क्ष-किरणांचा असा लोट उठतो, की तारा हजारो पटींनी उजळतो आणि पुन्हा विझल्यासारखा होतो. दिवाळीच्या संध्याकाळी पश्चिमेकडे श्रवण दिसतो. त्याच्याच गरुड मंडळात असा एक तारा आहे, आणि त्याचा उद्रेक सरासरी वर्षाकाठी एकदा होतो.

क्ष-किरण वातावरणातून जमिनीपर्यंत उतरत नाहीत. म्हणून पहारा आकाशात जाऊनच करावा लागतो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेली क्ष-किरण उपकरणे होती. कोणता तारा कोठे पेटला हे टिपणारे एक फिरते पहारेकरी उपकरणही होते. अशा ताऱ्यांना शास्त्रज्ञ ‘अल्पकालिक’ म्हणतात. वास्तविक तारा युगानुयुगे तेथेच आहे. अल्पकालिक आहे ते त्याचे आपल्याला दिसणे.

आमच्या इस्लापूरच्या माणसाला हे समजायला दुर्बीण नको. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. वैशाखात तेथे उघडा काळा खडक. पावसाळ्यात कान बधिर करणारी गर्जना. पण काठावरचा जाणता माणूस पुराला अचानक म्हणत नाही. वर पाऊस किती झाला, इसापूर धरणाचे दरवाजे उघडले काय, याची त्याला खबर असते. ज्याचे लक्ष नदीच्या वरच्या अंगाला आहे, त्याला या शब्दाची गरज पडत नाही. ‘अचानक’ हे पाहणाऱ्याच्या गैरहजेरीचे नाव आहे.

नदीच्या बाबतीत बाळगतो ती सावधगिरी आपण माणसाच्या बाबतीत बाळगत नाही. मराठवाड्यात शेतकरी आत्महत्या करतो, मग पंचनामा होतो. नापिकी होती काय, कर्ज होते काय, वसुलीचा तगादा होता काय, हे पाहून प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरते. मदत द्यायची तर सरकारला कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे मी जाणतो. परंतु गावही त्याच रेघेशी थांबते. शेवटची नोटीस, शेवटची गारपीट, शेवटचे भांडण शोधून काढते आणि सगळा भार त्या शेवटच्या थेंबावर टाकून मोकळे होते. चकतीत सर्वांत शेवटी येऊन पडलेल्या कणाला उद्रेकाचे कारण म्हणावे, तसेच हे.

यावर कोणी म्हणेल, की दोष असा साऱ्या कणांत वाटून टाकला, तर कोणाच्याच वाट्याला काही उरणार नाही. ताऱ्याच्या बाबतीत ते खरे आहे; कणाला विचारता येत नाही, थांबता येत नाही. माणसाला दोन्ही येते. साचण्याच्या त्या वर्षांत जो जो जवळून गेला, त्याला ओसरीवर टेकून ‘कसं चाललंय?’ एवढे विचारण्याची संधी होती. म्हणून माणसांत दोष वाटला गेल्याने हलका होत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक कर्तव्य येते. गप्प असलेला प्रत्येक जण आत काही साचवीतच असेल असे नाही, हेही खरे. पण ते विचारल्यावाचून कळायचे कसे?

केएस १७३१-२६० नावाचा न्यूट्रॉन तारा १९८९ साली सापडला, सुमारे बारा वर्षे तळपत राहिला आणि २००१च्या आरंभी शांत झाला. तो विझला म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्याकडे पाठ फिरवली नाही. पुढे कितीतरी वर्षे ते त्याचे निवत जाणे मोजीत राहिले, आणि त्याच्या कवचातून उष्णता कशी वाहते हे त्यांना त्या निवण्यातूनच उमगले. तळपत होता तोवर हे सारे झगमगाटाखाली झाकलेले होते.

इतक्या दूरच्या, आपले काहीही न लागणाऱ्या ताऱ्याच्या गप्प राहण्याकडे माणसे एवढ्या निष्ठेने पाहू शकतात, याचे मला कौतुक वाटते. त्यातली थोडी निष्ठा शेजारच्या दाराशी खर्च व्हावी, एवढेच माझे मागणे आहे.